जाळरेषा वेगळी, काउंटर फायर वेगळी

थंडी ओसरू लागली की येऊरच्या डोंगरावरचा धूर ठाण्यातल्या गच्च्यांवरून दिसतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर "वनखातेच जंगल जाळते आहे" हा संदेश फिरू लागतो. त्यावर कोणीतरी जाणकार "ती जाळरेषा आहे" असे ठणकावतो आणि पुढे ऐन वणव्यात कर्मचाऱ्यांनी समोरून लावलेल्या आगीलाही बेधडक तेच नाव देतो. पहिल्या अज्ञानापेक्षा हे दुसरे मला जास्त खटकते.

जाळरेषेबद्दल फार सांगायला नको. दिवाळीनंतर गवत वाळले की वनहद्दीलगत आणि रस्त्यांच्या कडेने पट्टा कापून तो देखरेखीखाली जाळतात, म्हणजे पुढे वणवा आलाच तर त्या पट्ट्यावर त्याला जळायला काही उरत नाही. महाराष्ट्रात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जात असल्याने हे काम त्याआधी उरकावे लागते. पाने मात्र त्यानंतरही गळत राहतात, म्हणून पट्ट्यावरचा पाचोळा पुन्हापुन्हा झाडावा लागतो; जिथे तो झाडला जात नाही, तिथे जाळरेषा नकाशापुरतीच उरते.

काउंटर फायर म्हणजे ती समोरून लावलेली आग; ती वणवा अंगावर येत असताना लावतात. वणवा पोहोचण्याआधीच त्याच्या वाटेवरचे गवत आणि पाचोळा जाळून संपवावा, हा तिचा हेतू असतो, आणि त्यासाठी ती वणव्याच्याच दिशेने सरकायला हवी. सगळी मेख इथे आहे: तिच्या पाठीशी जाळरेषा, नाला, डांबरी रस्ता किंवा उघडा कातळ असावाच लागतो. तसे काही नसेल, तर वारा तीच आग लावणाऱ्याच्या मागच्या गवतात नेतो आणि विझवायला एकाऐवजी दोन वणवे होतात. डोंगरउतारावर तर अधिकच जपावे लागते, कारण चढाकडे आग झपाट्याने पळते; उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. त्यामुळे वणवा खालून येत असेल, तर काउंटर फायर डोंगराच्या माथ्याच्या धारेवरच्या साफ पट्ट्यापासून खाली उतरवत न्यावी लागते. उताराच्या मध्यावरच कोणी काडी ओढली, तर ती आग ओल्या डहाळ्या घेऊन धारेवर उभ्या असलेल्या माणसांवरच चालून जाते.

म्हणूनच खारघर किंवा पारसिकच्या डोंगरावर मदतीला धावणाऱ्या हौशी मंडळींनी काउंटर फायरचे नावही काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जाळरेषेवरचा पाचोळा त्यांनी खुशाल झाडावा. काडी मात्र वनकर्मचाऱ्यांच्याच हाती राहू द्यावी. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि येऊर तर राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ही लागू होतो.

जानेवारीत रस्त्याकडेच्या सरळ पट्ट्यात, माणसे उभी असताना धूर निघत असेल, तर ती बहुधा जाळरेषा असते. मार्चच्या भर दुपारी उतारावर वेडीवाकडी ज्वाळांची रांग दिसली, तर ग्रुपवर वाद घालत न बसता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.