फेसच्या गल्ल्या कुठे उतरतात?

मोरोक्कोतल्या फेस शहराची सहल बहुधा बाब बू जलूद या निळ्या दरवाजापाशी सुरू होते. बाहेरून निळी नक्षी, आत शिरून मागे वळून पाहिले की तीच हिरवी. कमानीच्या चौकटीत मिनार नेमके बसतात, त्यामुळे फोटोही झकास येतो. हजार वर्षांपूर्वीच्या शहरात पाऊल टाकल्याच्या भरात माणूस पुढे सरकतो. हा दरवाजा १९१३ सालचा आहे, फ्रेंच अमलातला. खरा जुना दरवाजा शेजारीच अंग चोरून उभा असतो आणि त्याच्याकडे कोणी कॅमेरा वळवत नाही. राजवाड्याच्या ज्या झळझळीत पितळी दरवाजांसमोर सगळे उभे राहतात, ते तर १९७० च्या आसपासचे. फेसमध्ये जुने कोणते आणि नवे कोणते हे नुसते डोळ्यांनी ठरवायला गेले की हमखास फसगत होते.

त्यापेक्षा पायाखाली बघावे. दरवाजातून आत गेले की दोन मुख्य गल्ल्या फुटतात, तलआ कबीरा आणि तलआ सगीरा. तलआ म्हणजे चढ; एक थोरला, एक धाकटा. आपण मात्र त्या उतरत असतो आणि उतरतच राहतो. गाढवे आणि खेचरे ओझी घेऊन मागून येतात, हाकणारा ‘बालाक! बालाक!’ म्हणजे ‘बाजूला व्हा’ असे ओरडतो आणि आपण भिंतीला चिकटतो. खाली नदी आहे. शहर इथे का वसले, कातडी कमावणारे कुठे बसले, मशिदी कुठे उभ्या राहिल्या, यातल्या बऱ्याच गोष्टींचे उत्तर तिच्यापाशी मिळते.

नावाबद्दल थोडे. मराठीत फेस म्हटले की साबण आठवतो आणि मूळ अरबी उच्चार करावा तर तो ‘फास’. अरबीत फास म्हणजे कुदळ. शहराची आखणी करताना इद्रिसच्या हाती सोन्याचांदीची कुदळ होती, अशी आख्यायिका आहे. हा इद्रिस पैगंबरांच्या वंशातला. ७८६ मध्ये अब्बासी खलिफाविरुद्धचे बंड फसल्यावर तो अरबस्तानातून पळाला, थेट आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला आला आणि तिथल्या बर्बर नावाच्या स्थानिक जमातीच्या टोळ्यांच्या पाठिंब्यावर राजा झाला. ७८९ मध्ये त्याने नदीच्या उजव्या काठावर वस्ती केली. दोनच वर्षांत तो मेला. विषप्रयोग झाला असे इतिहासकार सांगतात. बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या दुसऱ्या इद्रिसने ८०९ च्या सुमारास समोरच्या, डाव्या काठावर दुसरे गाव उभे केले.

म्हणजे सुरुवातीला फेस हे एक शहर नव्हतेच. समोरासमोर दोन गावे, मध्ये नदी. ८१८ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबाच्या उपनगरात बंड झाले. ते चिरडल्यावर तिथून हाकललेली कुटुंबे इकडे आली आणि उजव्या काठावर राहिली, म्हणून तो अंदलुसी काठ. डाव्या काठावर आजच्या ट्युनिशियातल्या कैरुआनहून आलेली माणसे स्थिरावली, तो करावियिन काठ. दोन्हीकडचे लोक कसबी, शहरात वाढलेले, आणि आपापल्या गावाचा तोरा मिरवणारे. दोन्ही काठांना स्वतंत्र तटबंदी होती आणि पुढे कित्येक वर्षे त्यांचे आपसात भांडण चालत असे. अकराव्या शतकात अल्मोराविद घराण्याच्या युसुफ इब्न ताशफिनने शहर जिंकले आणि मधल्या भिंती पाडून दोन गावांचे एक केले.

पाण्याच्या व्यवस्थेला आकार देण्याचे श्रेयही या अल्मोराविदांना देतात. नदी शहरात शिरते ती वरच्या अंगाला. तिथे तिचे फाटे पाडायचे, त्या फाट्यांचे पाट आणि खापरी नळ गल्ल्यांखालून न्यायचे, आणि पाणी आपल्या वजनाने मशिदीच्या हौदात, हमामात, नाक्यावरच्या कारंज्यात आणि ऐपतदारांच्या चौकात पोचवायचे. सांडपाण्याची वाट वेगळी. उताराच्या जोरावर पिठाच्या चक्क्याही फिरत. नज्जारीन चौकातले, म्हणजे सुतारांच्या चौकातले, रंगीत फरशीचे कारंजे पर्यटक शोभेची वस्तू म्हणून पाहतात. मुळात तो सार्वजनिक नळ आहे. असे नळ गल्लोगल्ली आहेत आणि त्यांवर झेलीजची कारागिरी, म्हणजे चकाकत्या मातीच्या फरशीचे छिन्नीने बारीक तुकडे करून जुळवलेली नक्षी.

वरच्या अंगाला स्वच्छ पाणी, तर घाण करणारे धंदे खालच्या अंगाला, हा हिशेब सरळ आहे. म्हणून शुआराची टॅनरी, म्हणजे कातडी कमावण्याची जागा, नदीलगत खाली आहे. फेसमधली ही सर्वांत प्रसिद्ध जागा आणि सर्वांत उग्र वासाचीही. आजूबाजूच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरून ती पाहायची असते. वर चढताना दुकानदार हातात पुदिन्याची काडी देतो, ती नाकाशी धरायची. खाली दगडी हौदांची रांगच्या रांग दिसते, रंगाऱ्याच्या पेटीतल्या वाट्यांसारखी. पांढऱ्या हौदांत चुना असतो. कातडे त्यात भिजले की केस सुटतात. मग कबुतरांच्या शीटेचे हौद. त्या शीटेतल्या अमोनियाने कातडे मऊ पडते आणि रंग धरायला तयार होते. कामगार गुडघ्या-मांडीपर्यंत त्यात उतरून तासन्‌तास पायांनी कातडी तुडवतो. त्यानंतर रंगाचे तपकिरी-तांबडे हौद, आणि शेवटी गच्च्यांवर वाळत घातलेली कातडी. गच्चीवरचा पाहुणा हे ‘मध्ययुगीन दृश्य’ म्हणून टिपतो, पण दिवसभर त्या हौदात उभ्या असणाऱ्याच्या दृष्टीने ती नोकरी आहे, आणि त्याला पुदिन्याची काडी कोणी देत नाही. इथले कमावलेले चामडे इतके नावाजले की बकऱ्याच्या मऊ चामड्याला युरोपात मोरोक्कोचेच नाव पडले. उंची पुस्तकांची बांधणी त्यात होई.

नावांची गंमत टोपीचीही आहे. आपण जिला तुर्की टोपी म्हणतो, तिचे युरोपी भाषांतले नाव या शहरावरून पडले. आणि मोरोक्को तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात कधी सामील झालाच नाही.

करावियिन मशिदीची गोष्ट जगभर सांगितली जाते: कैरुआनहून आलेल्या फातिमा अल फिहरी या बाईने वारशात मिळालेला पैसा घालून ८५९ मध्ये ती बांधायला घेतली, बहीण मरियमने पलीकडच्या काठावर अंदलुसी मशीद बांधली. ही कथा लिहून ठेवणारा इतिहासकार इब्न अबी झर चौदाव्या शतकातला, म्हणजे मधे जवळजवळ पाचशे वर्षे गेलेली. मशिदीत सापडलेल्या एका लाकडी लेखावर इद्रिस घराण्यातल्या दाऊदचे नाव आणि नवव्या शतकाच्या उत्तरार्धातली तारीख आहे. दोन बहिणींनी दोन काठांवर दोन मशिदी बांधाव्यात, हे जरा जास्तच जुळून आल्यासारखे वाटते खरे. ‘जगातले सर्वांत जुने विद्यापीठ’ हे बिरूदही जपून वापरावे. इथे शेकडो वर्षे सलग शिकवले गेले यात शंका नाही, पण ते मशिदीतले अध्ययन होते. आजच्या अर्थाने सरकारी विद्यापीठ ते १९६३ मध्ये झाले. तरी ग्रंथालयात चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दून या इतिहासकाराने स्वतः भेट दिलेली त्याच्या इतिहासग्रंथाची प्रत जपलेली आहे, ती बिरुदापेक्षा मोलाची. बिगरमुस्लिमांना मशिदीत जाता येत नाही. दारातून अंगण दिसते तेवढे पाहायचे. मज्जावाचा हा नियम फ्रेंच रेसिडेंट जनरल लियोते याच्या काळात पक्का झाला, तो आजही बहुतेक ठिकाणी पाळला जातो.

आत जाऊन पाहता येते ते मदरशांत, आणि हे मदरसे मरिनी घराण्याचे. फेसचा खरा भरभराटीचा काळ त्यांचाच. १२७६ मध्ये त्यांनी जुन्या शहराच्या वरच्या बाजूला ‘फेस जदीद’, नवे फेस, वसवले आणि राजधानी तिथे नेली. साडेसातशे वर्षांच्या त्या भागाला लोक आजही नवेच म्हणतात. करावियिनच्या भोवती त्यांनी मदरसे उभारले, विद्यार्थ्यांच्या राहण्या-शिकण्यासाठी. अत्तारीन मदरसा लहान पण देखणा, १३२५ मध्ये पुरा झालेला. बू इनानिया सर्वांत मोठा, १३५० ते १३५५ या काळातला. खाली झेलीज, त्यावर कोरलेला गिलावा, त्यावर कोरलेले देवदाराचे लाकूड, आणि अंगणातून वाहता पाट. खर्चाचा हिशेब सुलतान अबू इनानपुढे आला तेव्हा त्याने वहीच नदीत फेकून दिली, असे सांगतात.

हा अबू इनान आपल्याला वेगळ्या कारणाने जवळचा. टॅंजियरचा इब्न बतूता चोवीस वर्षे जग हिंडून १३४९ मध्ये फेसला परतला. त्यानंतर तो स्पेनला आणि आफ्रिकेत मालीपर्यंत जाऊन आला. मग अबू इनानने त्याला बोलावून घेतले आणि इब्न जुझय्य नावाचा लेखनिक दिला. प्रवासी आठवून सांगे, लेखनिक लिहून घेई. १३५५ च्या अखेरीस ग्रंथ पुरा झाला. बू इनानियाचे गवंडी गिलावा कोरत होते त्याच वर्षांत, त्याच शहरात, दौलताबादचा किल्ला, तिथली वर्षातून दोनदा येणारी द्राक्षे आणि डाळिंबे, नंदुरबारचे तांदूळ, भाज्या आणि तिळाचे तेल खाणारे मराठे, आणि गोवा काबीज करायला होनावरहून निघालेले आरमार, हे सगळे अरबीत उतरत होते. चौदाव्या शतकातल्या महाराष्ट्राचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन शोधताना आपण ज्या पानांपाशी पोचतो, ती फेसमध्ये लिहिली गेली. फेसच्या वाटाड्यांना दौलताबाद ठाऊक असायचे कारण नाही, पण मराठी प्रवाशाने बू इनानियाच्या अंगणात दोन मिनिटे जास्त थांबायला हरकत नाही.

मदरशाच्या समोर, गल्लीच्या पलीकडच्या भिंतीत बारा खिडक्यांची ओळ दिसते. ते १३५७ चे जलघड्याळ. दर तासाला एक दार उघडून धातूची गोळी पितळी वाडग्यात पडे. यंत्रणा कशी होती हे आज कोणालाच उलगडलेले नाही. घड्याळानंतर दुसऱ्याच वर्षी अबू इनानला त्याच्या वजिराने गळा दाबून मारले. इब्न खल्दून तेव्हा त्याच्याच तुरुंगात होता, तो सुटला.

१४३८ मध्ये ज्यूंना जुन्या शहरातून हलवून नव्या फेसमध्ये राजवाड्यालगत वसवले. मोरोक्कोतला हा पहिला मेल्लाह, म्हणजे ज्यूंची वेगळी वस्ती. घरांचे सज्जे रस्त्याकडे उघडणारे. मुसलमान घरे मात्र बाहेरून कोरी भिंत आणि आत चौक, आपल्या वाड्यांसारखी.

त्यानंतरची पावणेपाचशे वर्षे घाईने सांगितली तरी चालतात. सादी सुलतानांनी राजधानी मराकेशला नेली आणि फेसवर नजर ठेवायला १५८२ मध्ये टेकडीवर बुर्ज बांधला. तोफांचे तोंड शहराकडेही वळत असे. अलावी घराणे १६६६ मध्ये आले, ते आजही गादीवर आहे.

मग ३० मार्च १९१२. सुलतान अब्दुल हफीजने फेसच्या तहावर सही केली आणि मोरोक्को फ्रान्सच्या संरक्षणाखाली गेला. तीन आठवड्यांच्या आत सुलतानाच्या फौजेने बंड केले. मेल्लाह लुटला गेला, हजारो ज्यूंनी राजवाड्याच्या आवारात आसरा घेतला, काहींना सुलतानाच्या प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यांत राहावे लागले. लियोतेने राजधानी रबातला हलवली आणि एक निर्णय घेतला, ज्याचे फळ आजचा पर्यटक खातो: जुन्या शहराला हात लावायचा नाही, युरोपियनांसाठी नवे शहर बाहेर, अंतर राखून बांधायचे. आराखडे आंरी प्रोस्त या नगररचनाकाराचे. याला काही लोक दूरदृष्टी म्हणतात. मला त्यात दूरदृष्टीइतकाच भेदभाव दिसतो. रुंद रस्ते, वीज, बँका बाहेर. आत राहणाऱ्यांनी ‘ऐतिहासिक’ राहायचे. व्यापारी घराणी हळूहळू कॅसाब्लांकाला गेली. त्यांच्या मोठ्या घरांत खेड्यांतून आलेली कुटुंबे खोली-खोलीने भाड्याने राहू लागली. चौकात आडभिंती उभ्या राहिल्या, डागडुजी थांबली, घरे वाकली. आजही अनेक गल्ल्यांत समोरासमोरच्या भिंतींना लाकडी तुळयांचे टेकू दिसतात.

१९८० मध्ये युनेस्कोने फेस वाचवण्याचे आवाहन केले, १९८१ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आले. पुढच्या काळात नज्जारीनच्या फुंदुकात, म्हणजे व्यापारी आणि त्यांची जनावरे उतरत त्या धर्मशाळेत, लाकूडकामाचे संग्रहालय झाले. धुरामुळे कुंभारांना शहराबाहेर ऐन नोकबीला नेले. झेलीज बनताना पाहायची असेल तर तिथे जावे लागते. पडीक घरांची पाहुण्यांसाठी ‘रियाद’, म्हणजे मुक्कामाची घरे, झाली.

नदीचे मात्र हाल झाले होते. टॅनऱ्यांचे क्रोम आणि शहराचे सांडपाणी तिच्यात सोडलेले, आणि विसाव्या शतकात तिच्या काही भागावर स्लॅब टाकून रस्ता आणि पार्किंग केलेले. ज्या पाण्यासाठी इद्रिस इथे थांबला ते झाकून टाकायची वेळ आली. अलीकडे सांडपाणी वळवून रसीफ चौकाजवळ तिचा काही भाग पुन्हा उघडा केला आहे. गल्ल्यांत वाट चुकली, आणि ती चुकतेच, तर उतार धरून खाली चालत राहावे. बहुधा रसीफलाच निघतो. तिथे गाड्या येतात, आणि लाल छोट्या टॅक्सी उभ्या असतात.