डब्याच्या कॅमेऱ्यातून रसायनं कशी गेली

बारीक भोकातून उलटी प्रतिमा पडते हे चीन आणि अरब जगातल्या अभ्यासकांनी फार पूर्वी लिहून ठेवलंय. भिंगाशिवाय, अशा भोकातूनच फोटो 19व्या शतकाच्या मध्यात निघाले. जळगाव-धुळ्याकडच्या डबा-कॅमेऱ्याची गोष्ट मात्र स्टुडिओच्या लाल दिव्याच्या खोलीतून सुरू होते. पासपोर्ट फोटो कृष्णधवल होते तोवर उटीच्या सरकारी कारखान्याचा फोटोचा कागद मिळायचा आणि कापून उरलेले तुकडे ओळखीवर हाती लागायचे. दूध पावडरचा डबा आतून काळा रंगवायचा, पत्र्याला दहा नंबरच्या सुईने भोक पाडून मागची कड पॉलिश पेपरने घासायची. भोक 0.45 मिमी, कागद 10 सेंमीवर, आणि आपलं ऊन: अर्ध्या मिनिटात निगेटिव्ह.

वाद पेटला तो पुढे, मुलांच्या डबा-कॅमेरा शिबिरांमधून डेव्हलपर (कागदावरची प्रतिमा उमटवणारं रसायन) आणि हायपो (ती पक्की करणारं) काढून टाकले तेव्हा. कारण सांगितलं गेलं मुलांच्या सुरक्षिततेचं. ते खोटं नव्हतं. डेव्हलपरमध्ये बोटं बुडवू नयेतच. पण चिमटे आणि हातमोजे काही महाग नव्हते. खरी अडचण उन्हाळी सुट्टीची होती. डेव्हलपरला 20 अंश लागतात आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजतं. गरम पाण्यात फोटोच्या कागदावरचा जिलेटिनचा थर फुगून कडेने सुटतो. ज्यांनी माठाचं पाणी वापरलं, धाब्याच्या घरातली मधली खोली गाठली, लोडशेडिंगमध्ये टॉर्चला लाल जिलेटिन पेपर गुंडाळला, त्यांचे फोटो येत राहिले. बाकीच्यांनी फोटोच्या कागदाऐवजी बटर पेपरचा पडदा लावून मोकळं व्हायचं ठरवलं. त्यात झाड उलटं दिसतं, मुलं टाळ्या वाजवतात, हाती काही राहत नाही. त्याला कॅमेरा म्हणणं माझ्या तरी जिवावर येतं.

2000 नंतर युरोपात रुळलेल्या सोलरग्राफीने हा तंटा निम्मा मिटवला. भोक पाडलेल्या कोल्ड्रिंकच्या कॅनमध्ये फोटोचा कागद सहा महिने ठेवला की तो उन्हानेच काळवंडतो, सूर्याच्या रोजच्या वाटेच्या रेषा त्यावर उमटतात, डेव्हलपर लागतच नाही. 22 डिसेंबर ते 21 जून हा काळ आपल्याकडे बहुतेक कोरडाच. फक्त परदेशी कृती जशीच्या तशी उचलू नये. जळगावला डिसेंबरात दुपारचा सूर्य 45 अंशांवर असतो, मेअखेर थेट डोक्यावर. कॅन दक्षिणेकडे सरळ बांधला तर एप्रिल-मेच्या रेषा चौकटीबाहेर जातात. तो वर कलवूनच बांधावा. कागद काढल्यावर हायपोत घालू नये, रेषा फिकट होतात. अंधारातून थेट स्कॅनरवर, आणि तेही एकदाच.