काट्यावर न चढणारा मासा

सोलापूरला मासा म्हणजे उजनी धरणातला. चिलापी, कटला, रोहू. जाळ्यात आला, काट्यावर चढला की मोजदाद संपली. पोवळ्यांतल्या माशांचं असं होत नाही. तिथं जाळं अडकून फाटतं आणि मासे कपारीत बसून राहतात. सागरी जीवशास्त्रज्ञ स्वतः बुडी मारतात, ती यासाठी.

पूर्वी गळाला लागलेले, बाजारात मिळालेले, नाहीतर पाण्यात विष कालवून गोळा केलेले मासे बरणीत जात. रंग उडालेल्या त्या मेल्या माशांवरून नावं ठरत. पोपटमाशांत नर-मादीचे रंग इतके वेगळे, की काही वेळा एकाच जातीला दोन नावं पडली!

१९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी अ‍ॅक्वालंग, म्हणजे पाठीवर बांधून बुडी मारायची हवेची टाकी, बनवलं. भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा ते श्वासाला देतं. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात तो तरंगण्यासाठी; ही टाकी खाली राहण्यासाठी. अर्थात फार वेळ नाही. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो, रक्तात नायट्रोजन मुरतो, आणि वीसेक मिनिटांत वर निघावं लागतं.

१९५४ मध्ये संशोधक व्हर्नन ब्रॉक यांनी हवाई बेटांवरची पद्धत मांडली: ठरलेल्या रेषेवरून पोहायचं आणि दोन्ही बाजूंचे मासे मोजायचे. आजही टेप अंथरून, प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने हेच चालतं. माशाची लांबी नजरेनं ठरवायची. त्यासाठी आधी खोट्या माशांवर सराव करतात. मग लांबीवरून सूत्राने वजन काढायचं. म्हणजे काटा इथंही सुटला नाहीच.

मोजण्यापेक्षा पाहण्यातून मिळालं ते मात्र मोठं. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणारा एक छोटा मासा आहे. त्याच्या कळपात एकच नर. तो गेला की सर्वांत थोरली मादी काही तासांत नरासारखी वागू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत खरोखर नर होते. ऑस्ट्रेलियातल्या निरीक्षणांवरून संशोधक रॉबर्टसन यांनी हे १९७२ मध्ये दाखवलं. बरणीतल्या माशावरून ते कसं कळणार?

भारतात १९९८ च्या उष्ण पाण्यानं लक्षद्वीपची पोवळी पांढरी पडली, आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा उतरून मोजण्याचं महत्त्व वाढलं. महाराष्ट्रात पोवळी पाहायची तर मालवण गाठावं. उजनीत ही विद्या चालायची नाही. उन्हाळ्यात पाणी शेवाळानं हिरवंगार, स्वतःचा हात दिसणं मुश्कील. तिथं काटाच बरा.