पोळीचे अप्रूप, भाकरीचे अप्रूप

मराठवाड्यात दोन पिढ्यांपूर्वी गव्हाची पोळी सणावाराला किंवा पाहुणा आला तरच होत असे, आणि म्हणूनच त्या काळच्या मुलांना ती सर्वांत प्रिय होती. त्यांच्याच नातवंडांना आज भाकरी-ठेचा आणि हुरडा यांचे अप्रूप वाटते. ही अदलाबदल केवळ जिभेची नाही. तिच्यामागे शेताची आणि शिधापत्रिकेची गोष्ट आहे.

ज्वारी हे इथले दुहेरी पीक होते. दाणा पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात, जाई आणि कडबा गोठ्यात. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित वाण आले, उतारा वाढला. पण ताटे बुटकी असल्याने कडबा कमी मिळू लागला, आणि खरिपाचे कणीस काढणीच्या पावसात सापडले की दाणा काळा पडून भाव कोसळू लागला. चवीविषयीची तक्रार तर घरोघरी होतीच. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली ‘मिलो’ ही तांबडी ज्वारी आणि दुष्काळी कामांवर मिळणारा सुकडी हा पूरक आहार यांवर लोकांनी दिवस काढले. पुढे खरिपातली ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि ज्वारी मुख्यतः रब्बीपुरती उरली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असा दर ठरला, तरी रेशनच्या दुकानातून घरी आले ते प्रामुख्याने गहू आणि तांदूळच. पोळी रोजची झाली, तिचे अप्रूप सरले. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये लोह व जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे वाण दिले, ते ज्वारी अनेक ताटांतून मागे सरल्यावर.

हे सारे ‘तुम्हाला काय आवडते?’ एवढ्या प्रश्नातून कळत नाही. ‘हे कधीपासून आवडू लागले, त्याआधी ताटात काय असे, दळण कोण दळी?’ असे विचारले की माणसे थांबून आठवू लागतात. त्यातही हा प्रश्न घरातल्या पुरुषाऐवजी चुलीपुढे बसलेल्या बाईला विचारावा, असे माझे ठाम मत आहे. कारण कोणत्या पिठाची भाकरी थापताना मोडते आणि कोणत्या पिठाला उकळते पाणी लागते, हे तिच्या हातांना ठाऊक असते. मिलोचे पीठ ज्यांनी काटवटीत मळले, त्या बायका आता सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत.