आयरिश आजी-आजोबांची जन्मनोंद सापडत नसेल तर: शोध, अर्ज आणि कागदपत्रं

आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील, तर नातवंडांना ‘फॉरेन बर्थ्स रजिस्टर’मध्ये, म्हणजे परदेशात जन्मलेल्यांच्या सरकारी नोंदवहीत, नाव नोंदवून आयर्लंडचं नागरिकत्व घेता येतं. आज उत्तर आयर्लंडमध्ये असलेल्या सहा काउंटीही यात धरल्या जातात. नातं पणजोबांपर्यंत मागे जात असेल तर मात्र तुमच्या आई किंवा वडिलांनी तुमच्या जन्माआधीच या रजिस्टरमध्ये स्वतःची नोंद केलेली असावी लागते. खडकी, देवळाली, मुंबई इथल्या छावण्यांत आयरिश सैनिकांची कुटुंबं राहिली, त्यांच्या वंशजांनी हे आधी तपासावं. आजोबा स्वतः आयर्लंडमध्ये जन्मले, की सैनिक बापाच्या पोटी इथेच जन्मले? इथे जन्मले असतील तर आयर्लंडमध्ये जन्मलेली व्यक्ती तुमचे पणजोबा ठरतात आणि वरची अट लागू होते.

अर्ज बहुतेक वेळा अडतो तो जन्मदाखल्यावर. घरात माहिती असते ती एवढीच, की आजोबा १८९८चे, कॉर्कचे. त्यावरून शोधलं आणि काही निघालं नाही, की लोक ‘नोंदच झाली नव्हती’ म्हणून मोकळे होतात. खरं तर नोंद बऱ्याचदा असते. चुकलेलं असतं ते साल, स्पेलिंग किंवा नोंदणी जिल्हा.

आयर्लंडमध्ये सर्वांची जन्मनोंदणी १ जानेवारी १८६४ रोजी सुरू झाली. १०० वर्षांपेक्षा जुन्या जन्मनोंदी ‘आयरिश जीनिऑलॉजी’ या सरकारी संकेतस्थळावर मूळ पानाच्या छायाचित्रासह फुकट पाहता येतात. त्यानंतरचा जन्म असेल तर दाखला थेट जनरल रजिस्टर ऑफिसकडून, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदींच्या मुख्य सरकारी कार्यालयाकडून, मागवावा लागतो. उत्तर आयर्लंडच्या काउंटींतल्या १९२१ पर्यंतच्या जन्मनोंदी याच संकेतस्थळावर आहेत, नंतरच्या बेलफास्टच्या कार्यालयाकडे.

शोधताना आधी साल सैल सोडा, मागे-पुढे पाच वर्षं धरा. घरी ठाऊक असलेला वाढदिवस १७ मार्च असेल तर त्यावर फार विसंबू नका. नेमकी तारीख माहीत नसली की हा सेंट पॅट्रिक या आयरिश संताचा दिवस सांगून टाकण्याची पद्धत होती. १९०१ आणि १९११ची जनगणना आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्हजच्या संकेतस्थळावर फुकट आहे. त्यात आजोबा लहान मूल म्हणून सापडले तर ते वय बरंच भरवशाचं असतं, शिवाय भावंडं आणि टाउनलँडही कळतं. टाउनलँड म्हणजे साधारण आपल्या वाडीएवढी जागा. ते नाव हाती लागलं की शोधाला खरी दिशा मिळते.

मग जिल्हा. नोंदणी जिल्हे काउंटीच्या हद्दीप्रमाणे नाहीत, ते जुन्या पुअर लॉ युनियनवरून, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी पाडलेल्या विभागांवरून, आखलेले आहेत. बॅलिनास्लो जिल्हा गॉलवे आणि रॉसकॉमन या दोन्ही काउंटींत पसरलेला होता. त्यामुळे काउंटीचं नाव घट्ट धरून बसू नये. आणखी एक गोष्ट मराठी माणसाला चटकन उमगेल: पहिलं बाळंतपण तिकडेही अनेकदा माहेरी होत असे. थोरल्या मुलाची नोंद बापाच्या गावी नसेल तर आईच्या माहेरचा जिल्हा पाहा.

नावांचं म्हणाल तर ओसुलिव्हन आणि सुलिव्हन, मॅकार्थी आणि कार्थी हे एकाच घरात सापडतात. ब्रिजेटची डिलिया किंवा बेडेलिया होते, नोराची होनोरा, डार्बीचा जेरेमाया. बारसं व्हायच्या आत नोंद झाली असेल तर इंडेक्समध्ये आडनावापुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं. उशिरा झालेल्या नोंदी छापील इंडेक्समध्ये त्या वर्षाच्या शेवटी वेगळ्या दिलेल्या असतात आणि तिथेच नजरेतून सुटतात. १९०३ पासूनच्या इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनाव येतं, म्हणून त्यापुढचा शोध पुष्कळ सोपा जातो.

नोंद सापडली की पूर्ण ओळ वाचा. जन्मतारीख आणि ठिकाण, नाव, लिंग, बापाचं नाव व राहतं ठिकाण, आईचं नाव आणि माहेरचं आडनाव, बापाचा धंदा, मग खबर देणाऱ्याची सही. सहीच्या जागी पुष्कळदा फुली असते आणि शेजारी ‘जन्माच्या वेळी हजर’ असं लिहिलेलं असतं. फुली करणारी ती बाई म्हणजे बहुधा बाळाची आजी किंवा शेजारीण. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून आडनाव रजिस्ट्रारने कानाला लागलं तसं लिहिलं.

आता तारखेचा घोळ. बाप्तिस्मा ३ मार्चचा आणि सरकारी जन्मतारीख २० एप्रिलची, असं दिसलं तर दचकू नका. मुदतीनंतर नोंद केली तर दंड होता, म्हणून आई-बाप जन्मतारीख पुढे सरकवून सांगत. बाप्तिस्मा मात्र जन्मानंतर एक-दोन दिवसांतच होई. आई-बाप आणि टाउनलँड जुळत असेल तर मूल तेच. अर्जात तारीख दाखल्यावरचीच लिहा आणि बाकी कागदांवर वेगळी असेल तर खुलाशाचं छोटं पत्र जोडा.

एवढं करूनही नोंद निघाली नाही, तर जनरल रजिस्टर ऑफिसकडून अधिकृत शोध घ्या आणि नोंद आढळत नसल्याचं पत्र मागा. त्याच्या जोडीला पॅरिशने, म्हणजे त्या भागातल्या चर्चने, दिलेला बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. नुसता बाप्तिस्म्याचा दाखला पाठवला तर अर्ज अडकतो. साधारण १८८० पर्यंतची कॅथलिक रजिस्टरं आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीच्या संकेतस्थळावर आहेत, पुढची पॅरिशकडे. बरीच रजिस्टरं लॅटिनमध्ये आहेत: जाकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. आजोबा सैन्यात असतील तर भरतीच्या कागदावर जन्माची पॅरिश आणि जवळचं शहर सापडू शकतं. मुंबई इलाख्यातले चर्चमधले विवाह आणि बाप्तिस्मे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत.

अर्ज ऑनलाइन भरायचा, छापायचा, साक्षीदारासमोर सही करायची आणि कागदांसह डब्लिनला पाठवायचा. साक्षीदार ठरलेल्या पेशांतला, तुम्हाला ओळखणारा, पण नात्यातला नसावा. शुल्क सध्या प्रौढांना २७८ युरो, १८ वर्षांखालच्यांना १५३. प्रमाणित जन्मदाखल्याचे २० युरो वेगळे.

कागद तीन पिढ्यांचे लागतात. आजोबा, आई किंवा वडील आणि तुम्ही, प्रत्येकाचा आई-बापांची नावं असलेला मूळ जन्मदाखला. नाव बदललं असेल तिथे विवाहाचा दाखला. हयात असलेल्यांच्या ओळखपत्राची साक्षांकित प्रत, नसलेल्यांचा मृत्यूदाखला. शिवाय तुमच्या पत्त्याचे दोन मूळ पुरावे आणि चार फोटो, त्यांतल्या दोन फोटोंवर साक्षीदाराची सही. नुसत्या मराठीतल्या दाखल्याला प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. महापालिकेच्या जुन्या दाखल्यांत बाळाचं नावच नसतं. तसं असेल तर आधी ते नाव चढवून नवा दाखला काढा, कारण बिननावाच्या दाखल्यावरून तो तुमचाच आहे हे सिद्ध होत नाही.

आणि सही करण्याआधी हे लक्षात घ्या: भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. आयर्लंडचं नागरिकत्व नोंदणीच्या तारखेपासून लागू होतं. त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि इथे येण्या-राहण्यासाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा वेगळा अर्ज करावा लागतो.