दुर्धर लिम्फोमावरील प्रतिपिंड (अँटीबॉडी)-उपचारांची चाचणी

लिम्फोमा हा लसीका पेशींचा, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. त्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या आक्रमक प्रकारात (डीएलबीसीएल) 'आर-चॉप' या पाच औषधांच्या उपचाराने साधारण ६० टक्के रुग्ण बरे होतात. जो रोग या उपचाराला दाद देत नाही किंवा लवकर उलटतो, तो दुर्धर. अशा रुग्णांच्या 'स्कॉलर-१' या पाहणीत (२०१७) पुढच्या उपचारांनी रोग पूर्ण हटला तो फक्त ७ टक्क्यांत. निम्मे रुग्ण ६.३ महिन्यांच्या आत दगावले. नव्या औषधाची तुलना होते ती या आकड्यांशी.

'आर' म्हणजे रितुक्सिमॅब (१९९७), या कर्करोगातील बी-पेशींवरील सीडी२० या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड. अलीकडची द्विलक्ष्यी प्रतिपिंडे एका टोकाने सीडी२०, तर दुसऱ्याने टी-पेशीवरील (शरीराच्या मारेकरी पेशीवरील) सीडी३ पकडून मारेकऱ्याला थेट शत्रूच्या दारात आणतात. त्यांपैकी ग्लोफिटामॅबच्या चाचणीत (२०२२) ३९ टक्के रुग्णांत रोग पूर्ण हटला.

परिणाम मोजतात पेट स्कॅनवर (साखर जास्त शोषणाऱ्या पेशी त्यात चमकतात): गाठीची चमक यकृताच्या चमकेशी ताडून पाच पायऱ्यांत. आपल्याकडे ग्यानबाची मेख इथेच आहे. क्षयाची गाठही तशीच चमकते, आणि मानेची गाठ म्हणजे टीबी, असे समजून महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या घेतलेले रुग्णही येतात. म्हणून शंका आली की पुन्हा बायोप्सी. सुप्त हिपॅटायटिस बी या औषधांनी उसळू शकतो. त्याचीही तपासणी आधीच करतात.

पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र (एनसीसीएस) संशोधकांना 'सेल लाइन', म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी, पुरवते. असे औषध आधी अशाच पेशींवर आजमावतात. माणसांवरील चाचणीला केंद्र सरकारचे २०१९ चे नियम लागू आहेत: नीतिसमितीची मान्यता, सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत आगाऊ नोंदणी, रुग्णाला समजेल अशा भाषेत संमतिपत्र. मराठी संमतिपत्रातले 'यादृच्छिक' मात्र कुणालाच कळत नाही. 'चिठ्ठ्या टाकून' म्हटले की लगेच कळते.

टी-पेशी खवळल्या की सायटोकाइनचा, म्हणजे दाह पेटवणाऱ्या रसायनांचा पूर येतो. त्यामुळे मात्रा पायरीपायरीने वाढवतात. एप्कोरिटामॅब या दुसऱ्या द्विलक्ष्यी प्रतिपिंडाची सुरुवात ०.१६ मिलिग्रॅमने होते, मग ०.८ आणि नंतर ४८. सातारा-सोलापूरहून आलेल्या रुग्णाला हे पहिले आठवडे पुण्यातच मुक्काम करणे बरे. पुराची पहिली खूण असते साधा ताप. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट दिसले, की क्रोसिन घेऊन झोपायचे नाही. आधी रुग्णालयात फोन करायचा.