से कॅथेड्रल, जुने गोवे

गोव्यातील तिसवाडी तालुक्यात, मांडवी नदीच्या दक्षिण तीरावरील जुन्या गोव्यात असलेले, गोवा व दमण महाधर्मप्रांताच्या आर्चबिशपांचे मुख्य चर्च. ‘से’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ धर्मपीठ असा आहे आणि बिशपाचे आसन ज्या चर्चमध्ये असते त्यालाच कॅथेड्रल म्हणतात. ते अलेक्झांड्रियाच्या सेंट कॅथरिनला अर्पण केलेले आहे. पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून हे शहर अखेरचे जिंकून घेतले तो दिवस, म्हणजे २५ नोव्हेंबर १५१०, नेमका या संतेच्या सणाचा होता. त्यामुळे ही इमारत जितकी उपासनेची, तितकीच एका लष्करी विजयाच्या स्मरणाचीही आहे, हे नजरेआड करून तिच्याविषयी लिहिता येत नाही.

विजयानंतर लगेच सेंट कॅथरिनच्या नावाने एक साधे प्रार्थनागृह उभारले गेले. १५३४ मध्ये गोवा धर्मप्रांत स्थापन झाल्यावर सेंट कॅथरिनचे हे चर्चच कॅथेड्रल ठरले आणि पुढे त्याची नव्याने बांधणीही झाली. परंतु गोव्याला आर्चबिशपांचे पीठ मिळाल्यावर, पूर्वेकडील संपूर्ण पोर्तुगीज सत्तेच्या राजधानीला ते अपुरे वाटू लागले. पोर्तुगालचा राजा सेबास्तियांव याच्या कारकिर्दीत १५६२ मध्ये सध्याच्या वास्तूचा आदेश निघाला. बांधकामाचा खर्च राजकोषातून झाला, तशी नोंद दर्शनी भागावरील लॅटिन शिलालेखात आहे. काम मात्र अतिशय संथ चालले. मुख्य इमारत १६१९ मध्ये आणि वेद्या १६५२ मध्ये पुऱ्या झाल्या. त्याआधी १६४० मध्ये चर्चचा अभिषेक उरकण्यात आला होता. पाया घालणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ती पूर्ण झालेली पाहिली असेल.

ज्या दशकात या चर्चची सुरुवात झाली, त्याच दशकात धर्मांतराच्या धोरणामुळे गोव्याच्या साष्टी भागातील देवस्थाने उठली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला नेण्यात आली, आणि ते देव आजही तेथेच आहेत. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मविरोधी ठरवलेल्यांना शिक्षा देणाऱ्या न्यायपीठाचा, वाडाही कॅथेड्रलजवळच्याच चौकात होता. आज तेथे मोकळी हिरवळ दिसते.

वास्तूची लांबी सुमारे ७६ मीटर, रुंदी ५५ मीटर आणि दर्शनी भागाची उंची ३५ मीटरहून थोडी अधिक आहे. आशियातील सर्वांत मोठ्या चर्चमध्ये तिची गणना होते. बांधकाम जांभ्याच्या चिऱ्यांचे असून त्यावर चुन्याचा गिलावा आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागल्यावर कठीण होतो; पण तो सच्छिद्र असल्याने कोकणपट्टीच्या पावसात उघडा पडला की झिजू लागतो. म्हणून पांढरा गिलावा ही येथे केवळ शोभेची बाब नसून दगडाचे कवच आहे. बाह्यरूप टस्कन या साध्या अभिजात पद्धतीचे, आखीव आणि जवळजवळ निरलंकार आहे. दर्शनी भागाला तीन दरवाजे असून मधल्या दरवाजाच्या दोन्ही बाजूंना कोरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेले, स्तंभ आहेत.

पाहणाऱ्याचे लक्ष मात्र प्रथम वेधून घेतो तो एका बाजूचा अभाव. दर्शनी भागाला मुळात दोन चौकोनी मनोरे होते. त्यांपैकी उत्तरेकडील मनोरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. त्या सुमारास रोगराईने पोखरलेले शहर ओस पडत चालले होते, व्हाइसरॉय पणजीकडे सरकले होते आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. शहराचा वैभवकाळ आणि उतरणीचा काळ, दोन्ही या एकाच दर्शनी भागात शेजारी शेजारी दिसतात. उरलेल्या दक्षिण मनोऱ्यात पाच घंटा आहेत. त्यांतील सर्वांत मोठी घंटा नादाच्या गोडव्यामुळे ‘सोनेरी घंटा’ म्हणून ओळखली जाते आणि ती गोव्यातील सर्वांत मोठी मानतात. इन्क्विझिशनच्या शिक्षांचे जाहीर सोहळे होत, तेव्हाही हीच घंटा वाजवली जाई.

आत शिरल्यावर बाहेरचा साधेपणा मागे राहतो. मधला भाग उंच असून त्याच्या दोन्ही बाजूंना कक्ष आणि त्यांलगत छोटी उपासनागृहे आहेत. मुख्य वेदीमागे सोन्याचा मुलामा दिलेला लाकडी कोरीवकामाचा भव्य पडदा आहे. त्यावरील सहा मोठ्या फलकांत सेंट कॅथरिनचे चरित्र आणि हौतात्म्य कोरले आहे. उघड्या दारातून प्रकाशाची तिरीप आली की हा मुलामा उजळतो, आणि शुभ्र भिंतींमध्ये सगळी नजर त्या एकाच ठिकाणी जाऊन थांबते. प्रवेशद्वाराजवळ बाप्तिस्म्याचे दगडी पात्र आहे. सोळाव्या शतकातील धर्मप्रसारक सेंट फ्रान्सिस झेवियर यांनी ते वापरले अशी परंपरा सांगते. एका उपासनागृहात ‘चमत्कारांचा क्रूस’ ठेवला आहे. १६१९ मध्ये जवळच्या टेकडीवर या क्रूसावर ख्रिस्ताचे दर्शन घडले, अशी श्रद्धा आहे, आणि लाकडाला स्पर्श करण्यासाठी भाविक तेथे थांबतात.

१९८६ मध्ये ‘गोव्यातील चर्च व मठ’ या नावाने जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या वास्तूंमध्ये या कॅथेड्रलचा समावेश आहे. त्याची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग करतो. तरीही ते संग्रहालय झालेले नाही. येथे नियमित प्रार्थना होते. साधारण दर दहा वर्षांनी, झेवियर यांच्या, म्हणजे गोंयकारांच्या ‘गोंयच्या सायबा’च्या, पवित्र अवशेषांची पेटी समोरच्या बॉम जेझुस बॅसिलिकातून मिरवणुकीने येथे आणून दर्शनासाठी ठेवतात. असे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. एरवी रिकाम्या वाटणाऱ्या जुन्या गोव्यात तेव्हा रांगा लागतात, आणि त्यांत ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदूही असतात.